बाळंतविड्यातली राहून गेलेली वस्तू

घरात पाळणा हलणार असे कळले, की पाळण्याच्या आधी हलू लागतात त्या याद्या. आजी, आत्या, मावशी, काकू अशा सगळ्या एकदम कामाला लागतात. कपाटातली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी बाहेर निघतात आणि त्यांची दुपटी होतात. झबली, टोपडी, लंगोट, कुंची यांची मोजदाद होते. बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा यांच्या पुड्या बांधून येतात. शेकासाठी शेगडी कुठे मिळेल याची चौकशी होते, आणि सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत धुरी द्यायची की नाही यावर निदान दोन वेळा तरी वाद झडतो. त्यात मग जावईबापूंनाही मत असते.

या साऱ्या बाळंतविड्यात एक वस्तू हटकून राहून जाते. बाळ झाल्यापासून पुढे कित्येक महिने रात्रंदिवस बाळंतिणीच्या अंगाला लागून राहणार ती हीच. बाळ आणि त्याचे अन्न यांच्यामध्ये काय ती एवढीच एक वस्तू असते. मी म्हणते ती अंगावर पाजणाऱ्या आईने घालायची ब्रा. दुकानात तिला ‘फीडिंग ब्रा’ म्हणतात. यादीत ती लिहिली जात नाही, कारण यादी बसते बैठकीच्या खोलीत आणि बाजारात ती घेऊन जाणार सासरे किंवा दीर! मग कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगते, आणि ऐन वेळी मिळेल ती, मिळेल त्या मापाची, कागदात गुंडाळून घरी येते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. शब्दांची खोड आहे, म्हणून सांगते. आमच्या आईच्या पिढीत या वस्त्राला ‘बॉडीस’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. दोरीवर वाळत घालायची ती टॉवेलाच्या आडोशाने. आताच्या मुली ‘इनर्स’ म्हणतात. शब्द बदलला, आवाज खाली आणण्याची सवय काही गेली नाही. गंमत अशी, की ‘ब्रा’ हा ज्याचा तुकडा आहे तो ‘ब्रासिएर’ शब्द मूळचा फ्रेंच, आणि फ्रेंच लोक त्या शब्दाने ओळखतात ते तान्ह्या बाळाचे अंगडे! स्वतःच्या या वस्त्राला फ्रेंच बायकांचा शब्द वेगळाच आहे. म्हणजे हे नाव मुळात झबल्याच्याच कुळातले. बाळंतविड्यात बसायला याहून मोठा हक्क तो कोणता हवा?

आणि ही लाज आपल्याकडे पूर्वापार आहे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. खणानारळाने ओटी भरतो, तो खण म्हणजे चोळीचेच कापड. गुळेदगुड्डचा काठांचा खण चार बायकांच्या देखत गरोदर मुलीच्या ओटीत पडतो, हिरवी साडी आणि चोळी तिला मानाने दिली जाते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. माझी आजी नऊवारी नेसे आणि गाठीची चोळी घाली. तिला बटण नाही की हूक नाही. पुढची दोन टोके छातीखाली ओढून घ्यायची आणि गाठ मारायची. लेकराला पदराखाली घ्यायचे, की गाठ सोडली. दूध दाटून आले, की गाठ बोटभर सैल; लेकरू पिऊन निजले, की पुन्हा जराशी आवळून. माप दिवसातून चार वेळा बदले आणि चोळी चार वेळा ते माप घेई. ती चोळी फार सुखाची होती असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या बाह्यांचे वळ आजीच्या दंडांवर शेवटपर्यंत होते. पण बाळंतिणीचे माप एका जागी ठरत नसते, हे त्या काळच्या बाईला कुणी शिकवावे लागत नव्हते.

विलायती वस्त्राचा आरंभही असाच बांधण्याचाच होता. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने १९१४ साली ज्याचे पेटंट मिळवले, त्याचा पहिला नमुना तिने दोन रुमाल आणि फीत जोडून केला होता. पुढे कारखाने आले, हूक आले, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत ए, बी, सी, डी ही अक्षरे आली. तेव्हापासून या वस्त्राचे माप दोन तुकड्यांत सांगावे लागते: एक आकडा आणि एक अक्षर. आपल्यापैकी बहुतेकींना आपला आकडा ठाऊक असतो. अक्षर विचारले, तर “साधंच द्या हो!” म्हणून आपण मोकळ्या होतो.

ग्यानबाची मेख आहे ती इथेच. आकडा असतो तो बरगड्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्याचा. अक्षर असते ते छाती त्या पट्ट्याच्या किती पुढे आहे त्याचे, म्हणजे कपाचे. दिवस गेले, की सुरुवातीला दोन्ही वाढतात. पोट वर चढते तशा बरगड्याही रुंदावतात. पण बाळ झाल्यावर बरगड्या हळूहळू पूर्वपदावर येऊ लागतात, आणि नेमकी त्याच सुमारास, दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, दूध भरभरून येते आणि छाती वाढते. आकडा उतरतो आणि अक्षर चढते! ज्या बाईला फक्त आकडाच ठाऊक, ती या वेळी नेमका उलटा सौदा करते. “जरा मोठी द्या” म्हणते, आणि दुकानदार ३४ च्या जागी ३८ काढून देतो.

माझ्या भाचीचे असेच झाले. पहिले बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. मुलगी शिकलेली, हुशार. पाचव्या महिन्यातच तिने फोनवरून सहा नग मागवून ठेवले होते. एरवी ती ३४ बी घाली. हे सहाही ३८ बी. ताई कौतुकाने सगळ्यांना सांगत होती, की आमच्या मुलीची तयारी बघा. चौथ्या दिवशी दूध आले आणि मुलगी कळवळू लागली. पट्टा एवढा सैल, की पाठीवर वर सरकून खांद्याच्या फऱ्यांपर्यंत जाई, आणि पाठीवर जेवढा वर जाई तेवढाच पुढे खाली ओढला जाऊन त्याची कड छातीच्या खालच्या मांसात रुते. तो आधार देईना, म्हणून तिने खांद्याचे बंद आवळले. बंद खांद्यात रुतले. कप तर वरून केव्हाच ओसंडून गेले होते. “मावशी, एवढी मोठी घेतली तरी टोचते कशी ग?” असे मला विचारी. घरात त्यावर एकच उत्तर होते, की पहिलटकरणीला असे व्हायचेच.

नवव्या दिवशी डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक भाग लाल झाला, दगडासारखा लागू लागला, आणि संध्याकाळी १०२ ताप चढला. मालीशवाल्या बाई म्हणाल्या, “काही नाही, दूध गोठलंय. तेल लावून जोरात चोळते, गाठ फुटून जाईल.” दुसऱ्या कोणी म्हणाले, की त्या बाजूचे दूध बाळाला देऊच नका, बाधेल. भाची रडत होती, बाळ रडत होते आणि ताई देवापुढे बसली होती.

डॉक्टरीणबाई घरी आल्या त्यांनी पहिले काम केले ते चोळणे थांबवण्याचे. आतल्या बाजूला सूज आहे, चोळून ती वाढेल, असे त्यांनी बजावले. थंड पट्ट्या ठेवायला सांगितल्या, औषध लिहून दिले, आणि दूध मुळीच बंद करू नका, बाळाला त्याने काही होत नाही, हे तीनतीनदा सांगितले. मग बाळाला पाजायला घ्यायला लावून ते तोंडात कसे धरते ते पाहिले, आणि धरण्याची रीत सुधारून दिली. आणि सर्वांत शेवटी विचारले, “हे कुठून आणलंत?” ताप येण्याचे हे एकच कारण नव्हे, पण दिवसरात्र एकाच जागी रुतणारी ही कड त्यात भर घालते, असे त्यांचे म्हणणे पडले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी टेप घेऊन बसले. पट्ट्याच्या जागी भरले ३४, आणि छातीवर ३९. पाच इंचांचा फरक! तिला ३४ च हवी होती; बदलायला हवे होते ते अक्षर, आणि तेही डीच्या पुढचे.

हे माप घरच्या घरी घेता येते. त्यासाठी शिंप्याची लवचीक टेप पुरते. पहिले माप छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट धरून आणि पाठीवर जमिनीला समांतर ठेवून घ्यायचे. दुसरे छातीच्या सर्वांत पुढच्या जागेवरून, साधी, विनापॅडची ब्रा घालून आणि टेप जराही न आवळता. दोन मापांतला फरक एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन तर सी, चार तर डी. कागदावर हे इतके सोपे आहे. व्यवहारात एक घोटाळा आहे. काही कंपन्या पहिल्या मापात चारपाच इंच मिळवून आकडा काढतात, काही मिळवत नाहीत. म्हणून एकीची ३४ दुसरीच्या ३४ शी जुळेलच असे नाही. ज्या कंपनीची वस्तू घ्यायची तिचाच तक्ता पाहावा आणि दुकानात नुसते ‘३४’ न सांगता दोन्ही मापे इंचांत सांगावीत. आणि हेही ध्यानात असू द्यावे, की अक्षर एकटे काहीच सांगत नाही. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींचा कप जवळजवळ एकाच मापाचा असतो. बदलतो तो पट्टा. ‘डी’ ऐकून लाजण्याचे, अथवा घाबरण्याचे, म्हणूनच काही कारण नाही.

आता घ्यावी केव्हा? पाचव्या महिन्यात घेतलेली फुकट जाते, हे वर आलेच. बाळ झाल्यावर घेऊ म्हटले, तर आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मग तिच्या वतीने अंदाजाने जाते ती आई किंवा बिचारा नवरा. त्यातून बहुतेक दुकाने आतले कपडे परत घेत नाहीत. म्हणून आठवा संपून नववा लागला, डॉक्टरांच्या हिशेबाने छत्तिसावा आठवडा आला, की मुलीने स्वतः जावे आणि दोन, फार तर तीन घ्याव्यात. एक अंगात, एक धुण्यात, एक दोरीवर. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बाळंतपण असेल तर आणखी एक, कारण तिथे जुलैत दोन दिवस रुमालसुद्धा वाळत नाही! सहांचा गठ्ठा मात्र घेऊ नये.

त्या वेळी घेताना शिंप्यांच्या भाषेतला एक शब्द आठवावा. कपडा पुढे वाढवता यावा म्हणून शिवणीत जे जास्तीचे कापड दडवून ठेवतात त्याला ते ‘माया’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. या वस्त्रातही माया हवी, पण ती नेमक्या जागी. नवव्या महिन्यात पट्टा हुकांच्या सर्वांत बाहेरच्या, सैल घरावर नीट बसला पाहिजे, म्हणजे पुढे बरगड्या उतरतील तसतसे आतले घर लावता येते. या ब्रांना एरवीपेक्षा हुकांच्या जास्त रांगा असतात त्या याचसाठी. आणि कपात मात्र आजच मोकळी जागा हवी: वरच्या कडेतून हाताची बोटे सहज आत जावीत एवढी. कापड मऊ, ताणले जाणारे आणि आपल्या हवेत शक्यतो सुतीच. लेस दिसते छान. दोन दिवसांत तीच टोचते.

घालून पाहिल्यावर पट्टा पाठीवर आणि पुढे एका रेषेत आहे ना, हे आरशात पाहावे. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत; मूठ जात असेल तर तो सैल. हात वर करावेत, पट्टा वर चढता कामा नये. छातीचा भार पेलायचा असतो तो पट्ट्याने. खांद्यांच्या बंदांवर तो पडला, की आकडा चुकला असे समजावे. मग पाहावी ती पाजण्याची झडप. ती एका हाताने उघडता आणि लावता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात, वाचक भगिनींनो, रात्री तीन वाजता एक रडणारे बाळ असणार आहे. झडप उघडल्यावर आत जी कापडाची चौकट राहते ती अरुंद असेल तर छातीच्या मुळाशी आवळते. तीही बोट फिरवून पाहावी. तारेच्या ब्रा पहिल्या काही आठवड्यांत नकोत. दूध दाटण्याच्या दिवसांत तार नेमकी नको तिथे दाबते. पुढे मापाची मिळाली आणि तार कुठे रुतत नसली, तर घालायला हरकत नाही.

आमच्याकडे लक्ष्मी रोडला काय किंवा दादरला काय, या मालाच्या पुष्कळशा दुकानांत गल्ल्यामागे पुरुष असतात आणि घालून पाहायला आडोसा नसतो. एका दुकानात मी भाचीचे माप सांगितले, तर तिथला मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, “मॅडम, असा साइज नसतो. अडतीस बी घ्या, सगळ्यांना होतो.” मला अजून त्या ‘सगळ्यांना’चे हसू येते. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या फळीवर बी होती, म्हणून जगात बी होती. पलीकडच्या गल्लीत एका बाईंच्या लहानशा दुकानात माप मिळाले, आडोसाही मिळाला. तेव्हा माप नाही म्हटले तर दुकान बदलावे. आकडा बदलू नये.

झोपताना घालावी की नाही, हा प्रश्न मला हटकून विचारतात. याला नियम नाही. ज्यांना जडपणा वाटतो त्यांनी मऊ, बिनहुकांची, पुढे एकावर एक येणारी घालावी. ज्यांना मोकळे बरे वाटते त्यांनी मोकळे राहावे. दूध पाजल्याने बांधा बिघडतो आणि घट्ट बांधून ठेवले तर तो टिकतो, ही दोन्ही मते खुशाल विसरावीत. छातीच्या आकारात जो बदल होतो तो मुख्यतः गरोदरपणाचा आणि वयाचा असतो. बाळाला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही. दूध गळते म्हणून आत घड्या ठेवतात, त्या मात्र ओल्या झाल्या की लगेच बदलाव्यात. जुन्या सुती धोतराच्या चौकोनी घड्या उत्तम. रोज धुऊन उन्हात टाकता येतात.

यानंतरचे माप सहा आठवड्यांनी घ्यायचे. तोवर दुधाचा पूर ओसरून ते बाळाच्या भुकेच्या मापात आलेले असते, आणि छाती पहिल्या आठवड्याइतकी ताठ राहत नाही. चांगल्या, टिकाऊ, चार पैसे जास्त मोजून घ्यायच्या त्या या वेळी. नोकरी करणारणींना तर हे फारच उपयोगी. २०१७ च्या कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा ठरली आहे. ती संपून बाई कामावर जाऊ लागते तेव्हा दिवसभराचे दूध दाटते, ते मधल्या वेळी काढावे लागते, आणि सकाळी बरोबर बसणारी दुपारी तीनला आवळू लागते. आमच्या स्टाफरूममधल्या एका तरुण सहकारिणीने यावर कपाटात एक सैलसर ब्रा ठेवून तोड काढली होती. दुपारचा तास सुरू होण्याआधी ती बदलून येई.

उष्टावण झाले, बाळ भातावरणावर आले, की माप पुन्हा उतरते. पण पाजणे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्याहून अधिक काळ ते चालू ठेवा असे सांगते. तेव्हा वर्षभरात तीन मापे धरून चालावे.

ब्लाऊजांचेही तेच. ते शिवून घेणार असाल तर शिंप्याला पुढून हूक आणि दोन्ही बाजूंना दीड दीड इंच माया ठेवायला सांगा. आमचे शिंपी कापड वाचवायला बघतात, म्हणून हे सांगताना शेजारी उभे राहा. आणि कपड्यांच्या यादीत माप लिहाल तिथे आकडा, अक्षर आणि कंपनी यांबरोबर ते कोणत्या तारखेचे आहे तेही लिहा. भाचीची नणंद आता सातव्यात आहे. तिच्या यादीत मी तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. ती नववा लागल्यावर भरायची.